मनगटाची उशी

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दुकानदार जेव्हा सांगतो की पुढच्या वेळी घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन या, तेव्हा त्या माणसाने काहीतरी दिवे लावलेले असतात. आमच्या ह्यांनी लावलेले दिवे असे: कॅमेऱ्याच्या दुकानात गेले, नवाकोरा कॅमेरा हातात घेतला, दुकानवाली आत दुसरी बॅटरी आणायला वळली तेवढ्यात खिशातून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि कॅमेऱ्याच्या पोटाचे दोन स्क्रू काढून काउंटरवर ओळीने मांडले. ती बाहेर येते तो हे तिसऱ्या स्क्रूवर. तिने विचारलं, काका, हे काय? तर म्हणे आतली काच सैल आहे, घट्ट करून देतो, मजुरी नको.

मजुरी नको. म्हणजे वर उपकार.

हे मला ह्यांनी सांगितलेलं नाही. त्या दिवशी घरी आले ते गुपचूप हातपाय धुऊन पेपर घेऊन बसले, आणि पेपर उलटा नव्हता एवढंच. मला सांगितलं कॅमेरावालीने. तिच्या पॅंटी आखूड करायला ती माझ्याकडे टाकते. टेपने तिचं माप घेत होते, तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मला लगेच बोलता आलं नाही. नाहीतर बिचारीनेच सगळं ऐकून घेतलं असतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याची तक्रार घेऊन माझ्या दारात कधी कुणी आलं नव्हतं. मुलाच्या आल्या, मुलगा तसा होताच. ह्यांच्या कधीच नाही.

आमचे हे घड्याळजी. जिन्याखाली एक दुकान होतं, त्यात एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. समोरच्या इमारतीवर हे एवढं मोठं घड्याळ असताना लोक ह्यांच्या दुकानात डोकावून वेळ लावून घेत. पुढे सगळे वेळ फोनवर बघायला लागले, मग दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. घरी बसल्यावर ह्यांनी आधी घरातली सगळी घड्याळं दुरुस्त केली, मग जी बिघडलेली नव्हती ती केली. माझं शिलाई मशीन उघडलं त्या दिवशी मी म्हटलं, बाहेर पडा, कुठेही जा, पण माझ्या मशीनपासून लांब राहा. मग हे पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात गेले. पहाटे उठायचं, दुर्बीण गळ्यात घालायची, मागच्या तळ्यावर जायचं आणि परत येऊन मला सांगायचं की आज बदकं होती. मी म्हणायची, बरं झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो ससाणा आला.

आमच्या गच्चीवरून समोर पाण्याची उंच टाकी दिसते. थंडी पडली तेव्हापासून तिच्या कठड्यावर सकाळी एक पक्षी येऊन बसायला लागला. ह्यांनी गच्चीच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून दुर्बिणीतून त्याला तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी सांगितलं की हा बहिरी ससाणा आहे. गालावर काळी मिशी आहे, छातीवर आडव्या रेघा आहेत, दुसरं काही असूच शकत नाही. मंडळाच्या बैठकीत उभं राहून तेच सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. त्यांच्या गळ्यात केवढी तरी दुर्बीण असते, ती ते फक्त आंघोळीला काढत असावेत. ते म्हणाले, अहो, टाकीवर कबूतरं बसतात. सगळे हसले. मग अध्यक्ष दोनदा आमच्या गच्चीवर आले, दोन्ही वेळा माझ्या हातचा चहा प्यायले, आणि दोन्ही वेळा ससाण्याने दांडी मारली. शेवटी म्हणाले, फोटो आणा, लगेच वहीत नोंद करतो. फोटोशिवाय नाही.

ऊन तापायला लागलं की तो पक्षी निघून जातो, असं हेच सांगत होते. तोवर फोटो मिळाला नाही तर पुढच्या थंडीपर्यंत, किंवा कायमचे, हे कबुतराला ससाणा म्हणणारे काका. ज्या माणसाच्या शब्दावर अख्खी गल्ली घड्याळं लावायची, त्याला हे सोसवत नव्हतं. जेवताना घास अर्धाच खायचे आणि भिंतीकडे बघत म्हणायचे, मिशी आहे त्याला. मी म्हणायची, असेल, भाजी घ्या.

आता कॅमेऱ्याचं सांगते, कारण चार महिने मी दुसरं काही ऐकलेलं नाही. पक्ष्यांचे फोटो काढायला दोन तऱ्हेचे कॅमेरे असतात. एकाचं धड वेगळं आणि तोंड वेगळं. लांब पल्ल्याचं तोंड निराळं घ्यायचं, ते नळकांड्याएवढं, आणि ते उचलायला नवरा पंचवीस वर्षांचा हवा. दुसऱ्या तऱ्हेचा एकसंध असतो. त्याची काच जन्मजात जोडलेली, बटण दाबलं की सोंडेसारखी पुढे येते आणि लांबचं जवळ आणते. त्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. पूल कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही. ह्यांनी दुसरी जात पक्की केली, हे ठीक केलं. पण त्या जातीतही तीन भाऊ निघाले, आणि तिथे गाडी अडली.

थोरला वजनाला माझ्या इस्त्रीएवढा. पण त्याचा झूम इतका की म्हणे चंद्रावरचे खड्डे मोजावेत. मधल्याचा झूम त्याच्या पावही नाही, पण कोवळ्या उजेडातही तो स्वच्छ बघतो. धाकटा पर्समध्ये मावेल असा, गोंडस, पण त्याला डोळा लावायची खिडकीच नाही, नुसता मागे पडदा, आणि उन्हात त्या पडद्यात पक्ष्याऐवजी आपलंच तोंड दिसतं. ह्यांनी एक वही केली. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. आठवड्यातून एकदा दुकानात जायचे, तिघांना हाताळायचे आणि परत येऊन वहीत लिहायचे. धाकटा पहिल्याच महिन्यात बाद झाला. मधल्यातून ससाणा मुंगीएवढा दिसणार म्हणून तो बाद. राहिला थोरला. त्याच्या नावासमोर ह्यांनी एकच दोष लिहिला होता: चित्र हलतं.

कॅमेरावालीने दुसरा नग काढून दाखवला. तोही हलतो. तिसरा काढला. हे म्हणाले सगळी खेपच खराब आहे, आतली काच नीट बसवलेली नाही. पैशाचं कारण नव्हतं. दुकानाच्या जागेचे आलेले पैसे ह्यांनी ह्याच्यासाठी बाजूला ठेवले होते. चौथा नग हातात आला तेव्हा मग तो स्क्रू ड्रायव्हर निघाला.

पॅंटीचं माप लिहून घेताना मी कॅमेरावालीला एवढंच विचारलं की काच खरंच सैल होती का. ती म्हणाली नाही हो मावशी, अगदी घट्ट होती. आणि जाता जाता म्हणाली, काकांना सांगू नका हं मी काही बोलले.

तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. खरं म्हणजे शिरायला हवं होतं.

आमच्या घरात एक रीत आहे. मी गणवेश, पडदे, कोट असं सगळं शिवते. मशीनचं काम मशीन करतं, पण तुरपाई, काजं, बटणं हे हाताने. त्याला दिवसाला डझनभर सुया ओवाव्या लागतात. माझे डोळे पहिल्यापासून अधू. लग्न झाल्यावर आठवड्याभरातच ह्यांनी मला सुईशी झटापट करताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी बारा सुया ओवून माझ्या सुयांच्या गादीवर ओळीने टोचून गेले. सहा काळ्या दोऱ्याच्या, सहा पांढऱ्या. तेव्हापासून रोज. भांडण झालं असेल त्या दिवशीही बारा सुया असतातच. फक्त सगळ्या काळ्या.

ह्यांचा दोरा हातभर असतो. हातभर म्हणजे हातभर, टेप लावून बघा. आणि टोक सरळ कापलेलं. गेले काही महिने दोरा दोन हात येत होता आणि टोक तिरकं. लांब दोरा गुंततो, गाठ बसते, मी मनातल्या मनात चिडत होते की हल्ली ह्यांचं लक्ष त्या पक्ष्यात. कॅमेरावाली गेली त्याच दुपारी कोटाला बटण लावताना दोरा पुन्हा गुंतला. मी तो सोडवत बसले आणि समोर टेबलावर ह्यांची ती वही पडली होती. दोरा तसाच सोडून मी ती चाळली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर ओळखता येतं. पहिल्या पानावर ह्यांचं अक्षर नेहमीसारखं, मुंग्यांची रांग. मधल्या पानांवर झुरळं. शेवटच्या पानावर 'चित्र हलतं' एवढ्या दोन शब्दांनी अर्धी ओळ खाल्ली होती, आणि प्रत्येक रेघ शिवण उसवल्यासारखी.

मी कोट बाजूला ठेवला.

सून माझी दाताच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, ती आमच्याजवळ. हाताची पक्की आहे. तांदळाएवढा दात घासून दुसऱ्या दाताशी असा जुळवते की खाणाऱ्यालाही कळू नये. ती कामावरून आली, चपला काढल्या, पाणी प्यायली. मी तिला म्हटलं, इकडे ये जरा, ही सुई कुणी ओवली?

ती म्हणाली, बाबांनी.

मी नुसती बघत राहिले. ह्याला ती 'आईंचा एक्स-रे' म्हणते, माझ्या पाठीमागे.

"आई, मी वचन दिलंय त्यांना."

"मग मोडू नको ग बाई. मला काहीच सांगू नको. फक्त उद्यापासून दोरा हातभरच सोड आणि टोक सरळ काप. दोन हात सोडलास की गुंता होतो."

ती आधी लाल झाली, मग हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं बाहेर पडलं. ह्यांचा उजवा हात सहा महिन्यांपासून थरथरतो. सकाळी मी आंघोळीला गेले की हे सुयांची गादी घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी उभे राहतात. ती दवाखान्यात जायच्या घाईत बारा सुया ओवून देते, हे त्या आणून जागेवर ठेवतात आणि पेपर उघडतात. तिनेच त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वयाचा कंप आहे, काहींना येतो. घाबरायचं कारण नाही. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर सून म्हणाली, बाबा म्हणतात, तिला सांगायची माझी हिंमत नाही, तिने आयुष्यभर माझ्या हाताचं कौतुक केलंय.

हे मात्र मला लागलं. कारण ते खरं होतं. ह्यांच्या हाताची जाहिरात गल्लीभर मीच केली. नणंदेच्या नवऱ्याला मोठ्या पगाराची नोकरी, जावेच्या नवऱ्याचा तीन मजली बंगला. माझ्याकडे मिरवायला काय, तर ह्यांचा हात. जो कुणी भेटेल त्याला मी सांगायची, ह्यांनी धरलेला चिमटा पाण्यावर ठेवला तरी पाणी हलणार नाही. विहीणबाईंना तर लग्नाच्या बोलणीतच सांगितलं. आता एवढं ऐकून घेतलेला माणूस, हात हलतो म्हणून कुठे सांगणार? त्यापेक्षा कॅमेऱ्याची काच सैल असलेली बरी. चाळीस वर्षं ह्यांच्याकडे जे काही आलं ते बिघडलेलंच आलं. समोरची वस्तू बिघडली असेल हेच त्यांना पहिल्यांदा सुचणार. आपलंच काही बिघडलं असेल हे त्यांच्या धंद्यात कधी बसलंच नाही.

सुनेला म्हटलं, तुझं वचन शाबूत आहे, तू काही बोलली नाहीस. जा, हातपाय धू.

मग मी ह्यांची हत्यारांची पेटी माळ्यावरून उतरवायला लावली, सुनेलाच. पेटीत सगळ्यात वर, चिमट्यांच्या कप्प्याशेजारी, ती उशी होती. तळहाताएवढी, निळ्या जाड कापडाची, घासून घासून मधोमध पांढरी पडलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी शिवली होती. घड्याळजी हवेत हात धरून काम करत नाही. मनगट टेकवतो, मगच बोटं हलवतो. ह्यांच्या टेबलाची कडा मनगटाला रुतायची म्हणून मी कापडाच्या कात्रणांनी भरून ही उशी करून दिली होती. चाळीस वर्षं ह्यांच्या ज्या हाताची मी टिमकी वाजवली तो हात ह्या उशीवर टेकलेला होता. हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

उशी उसवली. कात्रणं काढून टाकली, कारण कात्रणं दाबली की परत उसळतात, त्यांवर जड वस्तू डुलत राहते. बाजूंना चार बोटं रुंदीची नवी पट्टी लावून ती मोठी केली आणि जवस भरले. जवस घसरतात, ज्या वस्तूचा जसा आकार तसे खाली बसतात आणि मग हलत नाहीत. तोंड दुहेरी टिपेने बंद केलं. जुनं निळं कापड मुद्दाम वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, चला, तुम्हाला घरातल्या कुणाला तरी घेऊन यायला सांगितलंय ना? ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाटेत दोन पावलं मागेच चालत होते.

कॅमेरावालीने मला खुर्ची दिली, ह्यांना दिली नाही. मी तिला थोरला काढायला सांगितलं. तो हातात घेतला आणि तिला म्हटलं, ही सोंड पूर्ण बाहेर कशी काढायची ते दाखव. तिने दाखवलं. मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून ह्यांच्या जुन्या दुकानासमोरच्या त्या मोठ्या घड्याळावर नेम धरला, तर काय, इमारत नाचायला लागली. घड्याळ एकदा चौकटीत यायचं आणि तुरकन बाहेर पळायचं.

मी मोठ्याने म्हटलं, "हा तर माझ्याही हातात हलतो. तुझ्या हातात?"

"माझ्याही मावशी. एवढ्या झूमला सगळ्यांच्याच हातात हलतो. आत सावरायची सोय आहे, पण तीही कुठवर पुरणार? काहीतरी टेकू लागतोच."

"हे तू ह्यांना चार महिने का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, सांगितलं होतं. काका म्हणाले, टेकू लंगड्याला लागतो.

हे समोरच्या कपाटातल्या बॅटऱ्या मोजायला लागले होते. मी पिशवीतून उशी काढली आणि काउंटरवर ठेवली. ह्यांनी ती बघितली. लगेच ओळखली. हात पुढे केला, निळ्या कापडावर पांढरी पडलेली जागा अंगठ्याने चाचपली आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मी कॅमेरा उशीवर ठेवला, वरून जरा दाबला, जवस खाली बसले. म्हटलं, बघा आता.

हे वाकले. खिडकीला डोळा लावला. डोळा काढायचं नावच नाही, म्हणून कॅमेरावाली माझ्याकडे बघायला लागली. मग आतूनच आवाज आला.

"मिनिटकाटा वाकलाय त्याचा. तरीच रोज चार मिनिटं मागे पडतं."

कॅमेरावालीने मग आणखी एक गोष्ट शिकवली. बटण दाबतानासुद्धा बोटाचा धक्का लागतो, म्हणून कॅमेऱ्याला सांगून ठेवायचं की मी दाबलं तरी तू दोन सेकंद थांब. आपण दाबायचं आणि हात काढून घ्यायचा. दोन सेकंदांनी तो आपला आपण फोटो काढतो. दोन सेकंद म्हणजे किती हे आमच्या ह्यांना कुणी शिकवायला नको. आणि एक बटण असं की पूर्ण झूममध्ये पक्षी हरवला तर ते धरून ठेवायचं, सोंड मागे येते, पक्षी सापडतो, बटण सोडलं की पुन्हा तिथेच जाऊन थांबते. मला हे बटण फार आवडलं. माणसांनाही असायला हवं होतं. मधला आणि धाकटा पुन्हा एकदा बघायचे का असं कॅमेरावालीने विचारलं. मी म्हटलं, नको ग, आमच्या घरात आधीच एकाला चार महिने लागलेत. थोरला बांध.

ह्यांनी घेतलेल्या कॅमेऱ्याचे पोटाचे स्क्रू तेवढे घरी येऊन पुन्हा एकदा घट्ट केले. मी बघितलं नाही असं केलं.

पहिल्या दिवशी टाकीवर कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी खरोखरच कबूतरं आली आणि हे नाश्ता न करता बसले. गच्चीवर उशी, उशीवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे स्टुलावर हे, आणि ह्यांच्यामागे मी, कारण वाळत घातलेले पडदे काढायला मला वर यावंच लागतं. ऊन हल्ली लवकर चढायला लागलं होतं. आठवडाभर हेच. नवव्या दिवशी मी पडद्यांना चिमटे लावत होते तेवढ्यात हे एकदम ताठ झाले. डावा हात मागे करून मला थांबवलं, जशी काही मीच उडून जाणार होते.

मला नुसत्या डोळ्यांनी टाकीवर एक ठिपका दिसला. ह्यांनी ते मागे येणारं बटण धरलं, सोडलं. कॅमेऱ्याची सोंड पुढे गेली. उजवा हात थरथरत बटणापर्यंत गेला, दाबलं, आणि हात मांडीवर आला. मी मनात मोजलं. एक, दोन. कट्ट. पुन्हा हात गेला, दाबलं, मांडीवर. एक, दोन, कट्ट. असं किती वेळा केलं कोण जाणे. मग तो ठिपका उडाला आणि टाकीच्या पलीकडे दगडासारखा खाली गेला.

ह्यांनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरला. माझे डोळे अधू, पण एवढंही दिसू नये इतके नाहीत. टाकीच्या गंजलेल्या कठड्यावर तो बसला होता. डोळ्याभोवती पिवळं कडं, गालावर काळी मिशी, छातीवर बारीक आडव्या रेघा, माझ्या कोटाच्या अस्तरासारख्या. आणि पायाखाली, पंजात धरलेलं, अर्धं सोललेलं कबूतर. म्हणजे अध्यक्षांचं अगदीच काही चुकलं नव्हतं. टाकीवर कबूतर होतंच.

मी हसले, खूप हसले. गच्चीच्या कठड्याला धरून हसले. खालून सुनेने विचारलं, काय झालं. ह्यांनाही हसू फुटलं, पण अर्ध्यातच थांबलं. कॅमेरा उशीवर ठेवून दिला आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले.

"फोटो काही मी नाही काढला," हे म्हणाले. "मी नुसतं बटण दाबून बाजूला झालो. काढला ह्या यंत्राने. मंडळाला काय सांगू, की उशीने आणि यंत्राने काढला?" आणि मग पुढे टाकीकडे बघतच, "तुला कधी कळलं?"

मी पडद्यांची टोपली खाली ठेवली.

"दोरा दोन हात झाला तेव्हा. आणि आता माझं ऐका. चाळीस वर्षं तुम्ही घड्याळाला चावी देऊन बाजूलाच होत होतात. त्यानंतर ते आपलं आपण चालायचं. तेव्हा कुणी म्हणालं का, की वेळ घड्याळाने दाखवली, ह्यात घड्याळजीचं काय? फोटो तुमचा आहे. हात थरथरतो त्याचं मला काही नाही, माझे डोळे तरी कुठे धड होते, म्हणून तुम्ही मला टाकलंत का? पण सहा महिने माझ्या सुनेच्या दाराशी सुयांची गादी घेऊन चोरासारखे उभे राहिलात, आणि त्या बिचारीला माझ्याशी खोटं बोलायला लावलंत, हे मात्र मला चालायचं नाही. उद्यापासून सुया ती मला सरळ देईल. दोरा मापून कापायचं काम तुमचं, हातभर, टोक सरळ. उशी आहेच, मनगट टेकवा आणि कापा. आणि आता खाली चला. अध्यक्षांना फोन मी करणार आहे."